परीक्षणातला पासंग

१

मराठीतील ग्रंथपरीक्षणाविषयी एक समजूत विद्यापीठांच्या वर्गांतून आणि नियतकालिकांच्या पानांतून इतकी रूढ झाली आहे, की ती तपासून पाहण्याची गरजही आता कोणाला वाटत नाही. परीक्षणातून परीक्षणकर्ता जितका वजा होईल तितके ते परीक्षण विश्वसनीय ठरते, अशी ही समजूत आहे. विद्यार्थ्याने 'मला ही कादंबरी कंटाळवाणी वाटली' असे लिहिले, तर त्याखाली तांबडी रेघ ओढली जाते. त्याच विद्यार्थ्याने 'प्रस्तुत कादंबरीच्या उत्तरार्धात कथानकाची गती मंदावलेली जाणवते' असे लिहिले, की त्याला गुण मिळतात. वास्तविक दोन्ही वाक्यांमागे घडलेली गोष्ट एकच आहे : एका विशिष्ट माणसाने एक पुस्तक वाचले आणि एका टप्प्यानंतर त्याचे मन त्यात रमेनासे झाले. पहिले वाक्य ही घटना सांगते. दुसरे वाक्य ती झाकते, आणि झाकल्याबद्दल त्याला 'वस्तुनिष्ठ' ही पदवी मिळते.

मराठी भाषेची घडण या झाकाझाकीला फारच अनुकूल आहे. 'मला कादंबरी आवडली' या वाक्यातील कर्ता कोणता याविषयी व्याकरणकारांत मतभेद संभवतात. परंतु क्रियापद 'कादंबरी'च्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि आवडून घेणारी व्यक्ती 'मला' या विभक्तिरूपाने वाक्यात उभी असते, ही गोष्ट निर्विवाद आहे. आवडणे, रुचणे, पटणे, भावणे, भिडणे, खटकणे, जाणवणे ही सगळी क्रियापदे याच जातीची आहेत. वस्तूने कोणावर तरी काहीतरी परिणाम करावा, असा या रचनेचा अर्थ आहे. म्हणजे वस्तू आणि व्यक्ती या दोहोंची नोंद केल्याशिवाय ही रचना पुरी होत नाही. परीक्षणाच्या रूढ भाषेने यांतले 'मला' तेवढे काढून टाकले. 'तपशिलांचा अतिरेक खटकतो', 'कवितेतील आर्तता मनाला भिडते', 'संवाद कृत्रिम वाटतात' असे आपण लिहितो व वाचतो. हा अतिरेक कोणाला खटकतो? ते मन कोणाचे? संवाद कोणत्या गावच्या, कोणत्या बोलीच्या कानाला कृत्रिम वाटतात? या प्रश्नांना जागाच उरत नाही. खटकण्याची क्रिया घडते, परंतु ती कोणाच्याही बाबतीत घडत नाही, असा हा विलक्षण प्रकार आहे. व्यक्ती गाळल्याने विधान व्यक्तिनिरपेक्ष होत नसते. त्याचा जबाब देणारा माणूस मात्र नाहीसा होतो.

ज्या वस्तूंचे मूल्य त्यांच्या अनुभवातच सिद्ध होते, त्यांच्या परीक्षणात परीक्षणकर्त्याची दृष्टी हा दूर करावयाचा दोष नाही. ते परीक्षणाचे साधन आहे, आणि साधन उघड ठेवल्यानेच परीक्षण तपासण्याजोगे होते, हे येथे दाखवावयाचे आहे. व्यक्तिनिरपेक्षतेचा आग्रह धरणारे वस्तुनिष्ठतेच्या नावाखाली नेमकी ही तपासणीच अशक्य करून ठेवतात.

२

या आग्रहाच्या मुळाशी दोन वेगळ्या प्रकारच्या परीक्षणांची गल्लत आहे. प्रेशर कुकरची परीक्षा घेताना त्याच्या धातूची जाडी, तो किती दाब सहन करतो, त्याचा सुरक्षा-पडदा योग्य वेळी काम करतो की नाही, हे पाहावयाचे असते. ही परीक्षा कोणी घेतली याला महत्त्व नाही; दोन परीक्षकांचे निष्कर्ष वेगळे आले तर दोघांपैकी एकाची चूक झाली असेच मानावे लागते. ग्राहकहिताच्या दृष्टीने अशा परीक्षा अत्यावश्यक आहेत आणि त्यांत व्यक्तीचा शिरकाव होता कामा नये, हेही खरे. प्रश्न एवढाच, की हे प्रतिमान सगळ्या वस्तूंना लागू करता येईल काय?

मिरजेच्या तंबोऱ्याचे उदाहरण घेता येईल. मिरजेत तंतुवाद्ये बनविण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे आणि तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा किती मोठा, लाकूड कोणते, तारा कोणत्या मापाच्या, हे सर्व मोजता येते. तार कोणत्या स्वराला लागली आहे, हेही आज यंत्र सांगू शकते. परंतु घोडीवर तार आणि सूत यांच्यामधून जी जवारी निघते, ती 'चांगली' आहे की नाही, हे केवळ मोजमापाने ठरत नाही. त्या ध्वनीचे पृथक्करण यंत्राला करता येईल. पण एका गायकाला खुली, झणझणीत जवारी हवी असते आणि दुसऱ्याला तीच आपल्या आवाजाच्या अंगावर येणारी वाटते. म्हणून जाणता कारागीर तंबोरा घेणाऱ्याला आधी त्याची पट्टी विचारतो. तंबोऱ्याचा गुण तंबोऱ्यातच असतो. पण तो एका विशिष्ट गळ्याशी संबंध जडल्यावरच प्रकट होतो. अशा वाद्याविषयी 'जवारी उत्तम आहे' असे कोणी निनावी, पट्टीरहित विधान केले, तर ते अधिक वस्तुनिष्ठ ठरेल काय? ते केवळ निरुपयोगी ठरेल. 'काळी एक पट्टीत, खर्जाकडे झुकणाऱ्या पुरुषी आवाजासाठी ही जवारी भरदार आहे. चढ्या पट्टीत गाणारीला ती जड वाटेल' असे म्हणणारा मात्र खरी माहिती देतो. त्याच्या विधानात व्यक्ती आली आहे, आणि ती आल्यामुळेच दुसऱ्या व्यक्तीला त्या विधानाचा उपयोग करता येतो.

साहित्यकृती ही कुकरपेक्षा तंबोऱ्याच्या अधिक जवळची आहे, हे मान्य करण्यास फारशी अडचण पडू नये. तरीही व्यक्तिनिरपेक्षतावादी येथे कांटचा आधार घेतात. आपल्या १७९०च्या ग्रंथात कांटने सुखद आणि सुंदर यांत भेद केला आहे. कॅनरी बेटांची मदिरा सुखद आहे असे म्हणणाऱ्याला 'तुला सुखद आहे' अशी दुरुस्ती कोणी सुचवली तर तो ती निमूटपणे मान्य करतो. उलट 'ही कविता मला सुंदर आहे' असे म्हणणे हास्यास्पद होय, कारण सुंदर म्हणताना आपण सर्वांच्या संमतीची अपेक्षा करीत असतो. यावरून 'मला' हे मदिरेच्या परीक्षणात चालेल, कवितेच्या परीक्षणात चालणार नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

हा कांटचा अर्धा भाग झाला. रा. भा. पाटणकरांच्या सौंदर्यमीमांसेमुळे मराठी अभ्यासकांना कांट पुरेसा परिचित झालेला असताना उरलेला अर्धा भाग विसरला जावा, हे आश्चर्यच आहे. सौंदर्यविधान संकल्पनांच्या बळावर सिद्ध करता येत नाही आणि ते दुसऱ्याच्या सांगण्यावरूनही करता येत नाही, हे कांटने तितक्याच आग्रहाने सांगितले आहे. कोणी आपली कविता वाचून दाखवावी, ती ऐकणाऱ्याला रुचू नये, आणि मग वाचणाऱ्याने बात्यो किंवा लेसिंग यांचे नियम पुढे करावेत, तर ऐकणारा कान बंद करून घेईल, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे दावा सार्वत्रिक, परंतु साक्ष स्वतःची, अशी ही व्यवस्था आहे. आपल्याकडील परीक्षणाने दावा ठेवला आणि साक्षीदाराला घरी पाठवून दिले. साक्षीदाराविना केलेल्या दाव्याला कोणत्याही न्यायालयात काय किंमत असते, हे सांगावयास नको.

३

साक्ष व्यक्तिगत असेल तर ती तपासावयाची कशी, हा यानंतरचा रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर ह्यूमने अभिरुचीच्या निकषाविषयीच्या १७५७च्या निबंधात, 'दोन किहोते'मधील एक कथा सांगून दिले आहे. सांचोच्या दोन नातलगांना एका पिंपातील मदिरेविषयी मत विचारले गेले. एकाने चव घेऊन सांगितले, की मदिरा उत्तम आहे, पण तिला चामड्याचा किंचित वास आहे. दुसऱ्याने उत्तम म्हणून पुढे सांगितले, की तिच्यात लोखंडाची चव उतरली आहे. दोघांचीही चेष्टा झाली. पुढे पिंप रिकामे केले तेव्हा तळाशी चामडी वादी बांधलेली एक जुनी लोखंडी किल्ली सापडली.

ह्यूमने ही कथा अभिरुचीच्या सूक्ष्मतेचे उदाहरण म्हणून वापरली आहे. परीक्षणमीमांसेच्या दृष्टीने तिच्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की दोघांची मते व्यक्तिगत होती आणि तरीही खरी होती. ती खरी असल्याचा पडताळा मिळू शकला, कारण त्यांनी 'चव सदोष आहे' असे मोघम न सांगता आपल्या जिभेला काय लागले ते नेमके सांगितले होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकाला चामडे लागले, दुसऱ्याला लोखंड. दोघांपैकी कोणालाही पूर्ण किल्ली लागली नव्हती. त्या दोघांनी एकमेकांशी जुळेल असे मत देण्याचा प्रयत्न केला असता, म्हणजे ज्याला आपण संतुलित अभिप्राय म्हणतो तो दिला असता, तर चामडे आणि लोखंड दोन्ही गळून पडले असते आणि 'मदिरा एकंदरीत उत्तम, परंतु काही उणिवा जाणवतात' एवढेच वाक्य उरले असते. मराठी परीक्षणांच्या शेवटच्या परिच्छेदांत हे वाक्य किती वेळा भेटते, याची मोजदाद ज्याची त्याने करावी.

याच निबंधात ह्यूम असेही म्हणतो, की विसाव्या वर्षी ओव्हिड प्रिय वाटेल, चाळिशीत होरेस आणि पन्नाशीत कदाचित टॅसिटस. वय आणि प्रकृती यांनुसार पडणारा हा फरक तो निर्दोष मानतो. पूर्वग्रहापासून मुक्त असणे हा चांगल्या समीक्षकाचा गुण आहे, असे सांगणाऱ्या ह्यूमनेच हा फरक मान्य केला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. पूर्वग्रह आणि दृष्टिकोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस पुस्तक उघडण्यापूर्वीच निकाल देऊन बसलेला असतो तेव्हा त्याला पूर्वग्रह म्हणतात. दृष्टिकोन म्हणजे पुस्तक वाचताना तो जेथे उभा असतो ती जागा. पूर्वग्रह टाकता येतो, टाकलाच पाहिजे. उभे राहावयाची जागा मात्र टाकता येत नाही. फार तर ती लपवता येते.

४

भारतीय काव्यशास्त्राच्या बाजूने येथे एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा करताना स्वतःच्या सुखदुःखांत गुंतून राहणे आणि देशकालाच्या विशेषांत अडकणे यांना रसास्वादातील विघ्ने मानले आहे. साधारणीकरणात 'हे माझे' आणि 'हे परक्याचे' हा भेद गळून पडतो. मग परीक्षणकर्त्याने आपले विशेष परीक्षणात आणणे म्हणजे त्याचा आस्वाद अपुरा राहिल्याचीच कबुली नव्हे काय?

हा आक्षेप आस्वाद आणि आस्वादाचे निवेदन यांना एक मानतो. आस्वादाच्या क्षणी देशकालाचे भान गळून पडत असेलही. परंतु परीक्षण त्या क्षणी लिहिले जात नाही. ते नंतर, भान परतल्यावर, दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून लिहिले जाते. साधारणीकरण घडले की नाही, कोठे घडले, कोणत्या पृष्ठावर ते मोडले, हे सांगण्यासाठी निवेदकाला आपल्याकडे पुन्हा पाहावेच लागते. शिवाय अभिनवगुप्ताचा सहृदय म्हणजे कोणीही नव्हे. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि ज्याच्या ठायी वासनारूपाने पूर्वसंस्कार आहेत, तो सहृदय. ज्याच्याजवळ संस्कारच नाहीत त्याला रसास्वाद नाही, असा याचा सरळ अर्थ होतो. हे संस्कार घर, बोली, वाचन, वय यांतूनच झालेले असतात. साधारणीकरणाचा सिद्धान्त व्यक्तीला पुसून टाकीत नाही; विशिष्ट रीतीने घडलेली व्यक्ती त्याला गृहीतच धरावी लागते.

पाश्चात्त्य समीक्षेतून या आग्रहाला बळ मिळाले ते मुख्यतः एलियटच्या नावाने. १९१९च्या निबंधात त्याने मांडलेला व्यक्तिनिरपेक्षतेचा सिद्धान्त कवीविषयीचा होता. आपल्याकडे तो सोयीने समीक्षकाच्या अंगावर चढवला गेला. एलियटचे स्वतःचे समीक्षालेखन पाहिले तर काय दिसते? १९५६ साली मिनेसोटा विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्याने स्वतःच सांगितले, की आपली उत्तम समीक्षा म्हणजे आपल्या खाजगी काव्य-कार्यशाळेतले उपउत्पादन होय, आणि ज्या कवींचा आपल्यावर प्रभाव पडला त्यांच्याविषयीच आपण चांगले लिहू शकलो. मेटाफिजिकल कवींविषयीचा त्याचा गाजलेला निबंध १९२१ साली 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये एका संकलनाचे परीक्षण म्हणून, निनावी, प्रसिद्ध झाला होता. एक तरुण कवी आपल्या कवितेसाठी पूर्वज शोधत आहे, हे त्या परीक्षणामागचे सत्य तेव्हा बहुसंख्य वाचकांना अज्ञात होते. आज ते ज्ञात आहे, आणि त्यामुळे निबंधाचे मोल कमी न होता तो अधिक चांगला समजतो.

५

निनावीपणाचा हा इतिहास थोडा अधिक पाहण्याजोगा आहे, कारण व्यक्तिनिरपेक्ष परीक्षणाचा सर्वांत मोठा आणि दीर्घ प्रयोग तोच होय. १८०२ साली निघालेले 'एडिंबरो रिव्ह्यू' आणि १८०९ साली निघालेले 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या दोन्ही नियतकालिकांत परीक्षणे सहीविना छापली जात. व्यक्ती बोलत नसून नियतकालिक बोलत आहे, असा त्यातला अभिनिवेश होता. कीट्सच्या 'एंडिमियन'वर १८१८ साली 'क्वार्टर्ली'त झालेला हल्ला या अभिनिवेशाचेच अपत्य होता. हा परीक्षणकर्ता जॉन विल्सन क्रोकर हा टोरी राजकारणी होता आणि कीट्सला तो ली हंट या विरोधी गटातील लेखकाचा चेला म्हणून झोडपत होता. ही त्याची जागा निनावीपणाने झाकली गेली. गंमत अशी, की चार सर्गांपैकी पहिल्या सर्गाच्या पलीकडे आपल्याला जाता आले नाही, हे मात्र त्याने परीक्षणातच सांगून टाकले आहे. त्या परीक्षणात त्याच्या वाचनाविषयीची हीच एक उघड नोंद आहे, आणि परीक्षणाचे वजन किती धरावे हे ठरवण्याला वाचकाला खरा उपयोग झाला असेल तर तिचाच.

१९०२ साली सुरू झालेल्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'ने निनावी परीक्षणांची प्रथा १९७४ पर्यंत चालवली. निनावी राहिल्याने परीक्षणकर्ता निर्भय होतो, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद आहे आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु निर्भयतेचा लाभ जसा प्रामाणिक माणसाला होतो तसाच मित्राचे पुस्तक उचलून धरणाऱ्याला आणि शत्रूचे पाडणाऱ्यालाही होतो, आणि बाहेरच्या वाचकाला या तिघांत फरक करण्याचे साधन उरत नाही. जॉन ग्रॉस यांच्या संपादकत्वाखाली ही प्रथा बंद झाली.

या नियतकालिकात १९०५पासून असंख्य निनावी परीक्षणे लिहिणाऱ्या व्हर्जिनिया वुल्फने १९३९ साली परीक्षणव्यवहारावर एक पुस्तिका लिहिली. तीत तिने एक उपरोधिक सूचना केली आहे. परीक्षणकर्ता अजिबात काढून टाकावा. त्याच्या जागी एका कारकुनाने पुस्तकाचा गोषवारा द्यावा, कथानक सांगावे, एखादा उतारा काढावा, आणि शेवटी पसंतीसाठी तारका व नापसंतीसाठी खंजीर अशी खूण मारावी. लेखकाला खरे मत हवे असेल तर त्याने समीक्षकाला डॉक्टरप्रमाणे फी देऊन खाजगीत भेटावे. लेनर्ड वुल्फने त्याच पुस्तिकेला आपली मतभेदाची टीप जोडली होती. सूचनेत उपरोध किती आणि गांभीर्य किती, याविषयी वाद होऊ शकतो. पण तिचे निरीक्षण अचूक होते : गोषवारा अधिक शिक्का एवढेच जर परीक्षणात उरणार असेल, तर त्यासाठी माणसाची गरज नाही.

वुल्फची तारका आज सर्वत्र लकाकत आहे. पुस्तक, पंखा, चहाची पूड आणि उपाहारगृह या सगळ्यांना पाचपैकी तारका मिळतात आणि त्यांची दशांशचिन्हासह सरासरी काढली जाते. हजारो व्यक्तींची मते एकत्र केली म्हणजे व्यक्तिनिष्ठता आपोआप गळून पडते, असा या गणिताचा दावा आहे. ह्यूमच्या कथेकडे पुन्हा पाहिले तर या दाव्याचा फोलपणा कळतो. चामडे आणि लोखंड यांची सरासरी निघत नाही. खुल्या जवारीचा तंबोरा एकाला पाच तारकांचा आणि दुसऱ्याला एका तारकेचा वाटला, तर 'तीन तारकांचा तंबोरा' नावाची वस्तू जगात कोठेही नसते. सरासरी काढल्याने दोघांचे ज्ञान मात्र नष्ट होते. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ग्राहक-परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानक तयार केले. परीक्षण लिहिणारा खरोखर अस्तित्वात आहे की नाही याचा पडताळा घेण्याची व्यवस्था त्यात आहे. बनावट मतांचा सुळसुळाट पाहता हे योग्यच झाले. परंतु मानकाने माणूस खरा आहे एवढेच ठरते; त्याने काय अनुभवले आणि कोठे उभे राहून अनुभवले, हे त्याने स्वतः सांगितल्याशिवाय कोणत्याही मानकाला कळणार नाही.

विद्यापीठीय परीक्षणाने या तारकांकडे तुच्छतेने पाहू नये. आशय, अभिव्यक्ती, भाषाशैली, मूल्यमापन असे चार ठोकळे मांडून कोणत्याही पुस्तकावर बसवता येणारा जो साचा वर्गात शिकवला जातो, तो वुल्फच्या त्या कारकुनाचाच वाढवलेला गोषवारा आहे. फरक असलाच तर शब्दसंख्येचा.

६

हा सर्व वाद केवळ शैलीचा असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. मराठी साहित्याच्या संदर्भात त्यात काय पणाला लागले आहे, हे 'वाचक' या शब्दाकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते. 'मला' गाळल्यावर परीक्षणात जी पोकळी होते ती 'वाचक' हा शब्द भरून काढतो. 'ही भाषा वाचकाला अपरिचित वाटते', 'वाचकाला येथे धक्का बसतो.' हा वाचक एकवचनी, पुल्लिंगी आणि पत्ता नसलेला असतो. त्याला कोणती भाषा अपरिचित वाटते आणि कशाचा धक्का बसतो, हे पाहिले की त्याचा पत्ता बऱ्याचदा शोधून काढता येतो.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. समाजातील दुटप्पी नीतीवरील हल्ला म्हणून ही पुस्तिका आज प्रसिद्ध आहे. परंतु तिच्यात 'मुक्तामाला' व 'मंजुघोषा' या कादंबऱ्यांचा आणि 'मनोरमा' नाटकाचाही समाचार घेतलेला आहे. ग्रंथांतून रंगवलेल्या स्त्रिया कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत, हा प्रश्न त्यामागे आहे. तो प्रश्न त्या काळच्या 'वाचका'ला पडणे शक्य नव्हते; तो एका स्त्रीला, ती स्त्री म्हणून वाचत होती म्हणूनच पडला. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात, १८८५ साली, तिची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. मराठी कादंबरीच्या आरंभकाळातील ही एक मर्मग्राही टीका मधली नऊ दशके समीक्षेच्या हिशेबात धरली गेली नाही, याचे कारण ती टीका आहे हेच ओळखू आले नाही. तिच्यात संताप होता, बोलणारी व्यक्ती होती, तिची जागा उघड होती. व्यक्तिनिरपेक्षतेच्या निकषावर ती टीका ठरत नव्हती. आणि त्याच निकषावर ज्यांना टीकेचे प्रमाणपत्र मिळाले, त्यांना तिने पाहिलेली गोष्ट दिसत नव्हती.

दुसरे उदाहरण १९७२चे. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकर यांनी लिहिलेली प्रस्तावना हे रूढ अर्थाने परीक्षण नव्हे. तरीही अनोळखी कवितेसमोर मध्यमवर्गीय वाचकाने कसे उभे राहावे याचा तो एक धडाच आहे. तेंडुलकर या कवितेतील जग आपल्या जगाच्या सीमेपलीकडचे आहे हे आरंभीच मान्य करतात, कवीबरोबर त्या वस्तीत केलेल्या फिरस्तीविषयी लिहितात, आणि कोणते शब्द, कोणत्या ओळी आपल्याला उमगल्या नाहीत हेही सांगतात. या जागी 'भाषा दुर्बोध आहे' असे व्यक्तिनिरपेक्ष विधान करणे किती सोपे होते! ते केले असते तर अज्ञान वाचणाऱ्याचे आणि दोष मात्र कवितेचा, असा निवाडा झाला असता. दलित कवितेच्या व आत्मकथनांच्या पुष्कळ परीक्षणांत तो तसा झालाही. शिवराळ, प्रचारकी, कलात्मक अंतराचा अभाव असलेले, ही विशेषणे वस्तूचे गुणधर्म सांगितल्याच्या थाटात लिहिली गेली. 'मला हे शिवराळ वाटले' असे कोणी लिहिले असते, तर 'तुला असे का वाटले?' हा प्रश्न लगेच उभा राहिला असता आणि चर्चा पुढे गेली असती. शरणकुमार लिंबाळे यांना १९९६ साली दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र स्वतंत्रपणे मांडण्याची गरज भासली, तिच्यामागे या न विचारल्या गेलेल्या प्रश्नाचा साचलेला भार आहे. ग्रंथालयाची खरेदी, अभ्यासक्रमातील नेमणूक, पुरस्काराची शिफारस हे सारे परीक्षणांच्या आधाराने घडत असते, हे लक्षात घेतले म्हणजे हा केवळ सर्वनामाचा वाद नाही, हे कळून येईल.

७

यावर शेवटचा आक्षेप ठरलेला आहे. व्यक्तिगत दृष्टीला असे दार उघडले तर कोणीही काहीही म्हणेल. परीक्षण म्हणजे आवडीनिवडींची यादी होईल. आणि मित्रमंडळींच्या परस्परस्तुतीला तात्त्विक अधिष्ठान मिळेल. या आक्षेपातील भीती खोटी नाही, निदान मात्र चुकलेले आहे. परस्परस्तुती ज्या भाषेत आज लिहिली जाते ती 'मला'ची भाषा नाही. 'मराठी कादंबरीच्या कक्षा रुंदावणारी', 'मानवी अस्तित्वाचा तळ शोधणारी' ही मलपृष्ठावरची वाक्ये पूर्णतः व्यक्तिनिरपेक्ष आहेत. हितसंबंधांना लपण्यासाठी याहून सुरक्षित जागा नाही. व्यक्तिगत संबंध आणि व्यक्तिगत दृष्टी यांचे नाते बहुधा व्यस्त असते : ज्याला संबंध राखावयाचे आहेत तो आपल्याला नेमके काय वाटले हे सांगण्याचे टाळतो आणि सर्वमान्य विशेषणांचा आश्रय घेतो.

'मी' हे सर्वनाम लिहिल्याने दृष्टी येते, असेही कोणी समजू नये. पानभर 'मी' लिहून काहीच न सांगणारी भावविवश परीक्षणे मराठीत थोडी नाहीत; उलट एकदाही 'मी' न लिहिता आपली जागा स्वच्छ दाखवणारे लेखन शक्य आहे. निकष सर्वनामाचा नाही. परीक्षणकर्त्याने कृतीत नेमके कोठे काय अनुभवले हे सांगितले आहे काय? त्या अनुभवाला त्याची बोली, वय, व्यवसाय, लिंग, जात, पूर्ववाचन यांपैकी कशाचा आधार वा अडथळा झाला, हे जेथे प्रस्तुत आहे तेथे त्याने उघड केले आहे काय? आणि एवढे केल्यावर कृतीकडे परत जाऊन ते ताडून पाहण्याची सोय त्याने दुसऱ्यासाठी ठेवली आहे काय? हे तीन प्रश्न 'मला आवडले' एवढ्यावर थांबणाऱ्याला अडवतात आणि 'वाचकाला भिडते' असे म्हणणाऱ्यालाही तितकेच अडवतात.

कुसुमावती देशपांडे यांनी आपल्या समीक्षालेखांच्या संग्रहाला 'पासंग' हे नाव दिले होते. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाच समतोल नसतील, तर हलक्या पारड्याकडे जे वजन बांधतात तो पासंग. कोणताही तराजू पूर्ण समतोल नसतो, हे त्या शब्दात गृहीतच आहे. बाजारातले शहाणे गिऱ्हाईक वजन करण्यापूर्वी रिकामी पारडी पाहून घेते, आणि प्रामाणिक दुकानदार ती दाखवतो. आपल्या तराजूला पासंग लागतच नाही, असे सांगणाऱ्याकडून मात्र ते काही विकत घेत नाही. वस्तुनिष्ठतेचा दावा करणाऱ्या परीक्षणाकडे मराठी वाचकाने, विशेषतः आज परीक्षणलेखन शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने, याच व्यवहारी शहाणपणाने पाहिले पाहिजे. आणि वर्गात तांबडी रेघ ओढावयाचीच असेल, तर ती 'मला'खाली न ओढता, 'मला' गाळल्याने जी जागा रिकामी राहिली तेथे ओढली पाहिजे.